स्टॉकहोमचा जास्तीचा तास

“तीन वाजत आले, टॉर्स्टन! मुलाच्या सासुरवाडीची माणसं म्हणतील, हेलसिंकीवाल्यांना वेळेची चाड नाही.”

टॅक्सीत गुनवॉरबाईंचा जीव थाऱ्यावर नव्हता. मुलगा क्रिस्टर याने स्टॉकहोमच्या आपल्या घरी तीन वाजता कॉफीला बोलावले होते आणि होणारी सून यल्वा हिच्या आईवडिलांशी त्यांची ही पहिलीच भेट होती.

“चारशे किलोमीटर, विमानाला एक तास. एकला निघालो, दोनला उतरलो. हिशेब चोख आहे,” टॉर्स्टनराव वडिलोपार्जित मनगटी घड्याळ दाखवत म्हणाले. तिकिटावर उतरण्याची वेळही एक वाजताचीच छापली होती. ती त्यांनी छापखान्याची चूक म्हणून सोडून दिली होती.

ते क्रिस्टरच्या इमारतीच्या दारात उतरले आणि कोपऱ्यावरच्या चर्चने दोन ठोके दिले.

“इथलं घड्याळ आपल्यापेक्षा तासभर मागे असतं, हे शेंबडं पोरसुद्धा सांगेल!” गुनवॉरबाई कडाडल्या.

“मग वर जाऊ या. पाय गोठले.”

“तासभर आधी? उशिरा येणाऱ्याला लोक माफ करतात. लवकर येणारा जन्मभर लक्षात राहतो.”

“समोर कॉफीचं दुकान आहे...”

“आणि मुलाच्या घरची कॉफी कुठे ओतणार? चला, फेरी मारू.”

इमारतीला वळसा घालताना समोरून एक जोडपे आले. त्यातल्या बाईंच्या हातात कागदात गुंडाळलेली ट्यूलिपची फुले होती. बर्फाच्या ढिगांनी फुटपाथ अरुंद झालेला, आणि माघार कोणीच घेईना.

“जरा बाजूला व्हा की!” गुनवॉरबाई म्हणाल्या.

“का? फुटपाथ तुमच्या माहेरचा वाटतं?”

पुढच्या फेरीत पुन्हा तीच गाठ.

“परत तुम्हीच?”

“मी सरळच चालतेय. उलट्या तुम्ही फिरताय!”

हे टाळण्यासाठी गुनवॉरबाईंनी वेग वाढवला. त्या बाईंनीही वाढवला. परिणामी गाठी अधिकच वारंवार पडू लागल्या. नवरे मात्र एव्हाना एकमेकांना टोपी उचलून नमस्कार करू लागले होते. टॉर्स्टनरावांनी तर खिशातली खारट ज्येष्ठमधाची गोळीही देऊ केली.

चर्चने तीन ठोके दिले. एकाच घंटीकडे दोन हातमोजे एकदमच गेले आणि तिथेच थबकले.

“विहीणबाई?” फुलांवाल्या बाई पुटपुटल्या.

गुनवॉरबाईंनी मान ताठ केली. “आपली यापूर्वी कधीही भेट झालेली नाही.”

“मुळीच नाही,” विहीणबाई तत्परतेने म्हणाल्या.

दार उघडले. क्रिस्टर हसू दाबत उभा होता. “या! तासभर खिडकीतून बघतोय. कॉफी तीनदा गरम केली.”

“मग हाक का नाही मारलीस, गाढवा?”

“तीनच्या आधी? आई, तूच शिकवलंस ना!”

विहीणबाईंनी क्रिस्टरला आपादमस्तक न्याहाळले आणि ट्यूलिपची फुले गुनवॉरबाईंच्या हाती दिली.

“मुलगा चांगल्या वळणाचा आहे,” त्या म्हणाल्या.