साडूची वेबसाइट आणि मिस्त्रींचा ब्लॉग

"भाऊजींनी वेबसाइट काढली," बायको मोबाइलमध्ये बघत म्हणाली, आणि मिस्त्रींच्या हातातली तेलाची बुधली मशीनऐवजी त्यांच्या स्वतःच्या गुडघ्यावर वाकली.

मिस्त्री शिलाई मशीन दुरुस्त करायचे. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली, त्यामुळे बायको आतून काहीही बोलली तरी ते धंद्याच्या वेळेत कानावर पडायचं. भाऊजी म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा, मिस्त्रींचा सख्खा साडू, आणि धंद्यानं तोही मशीनचा मिस्त्रीच. दोघं एकाच उस्तादाच्या हाताखाली शिकले, एकाच घरातल्या दोन बहिणी केल्या, आणि शहराच्या दोन टोकांना एकच धंदा मांडून बसले. तेव्हापासून जे जे म्हणून मिस्त्रींच्या मनात येई, ते साडूच्या घरात आधी येई. फ्रिज आधी त्याच्याकडे आला. चष्मा आधी त्याला लागला. अपेंडिक्ससुद्धा आधी त्याचंच काढलं गेलं, त्यामुळे मिस्त्रींचं दुखायला लागलं तेव्हा नातेवाइकांना त्यात काही नवल उरलं नव्हतं. सगळे एकेकदा येऊन गेले आणि मिस्त्रींच्या खाटेशी बसून साडूच्या टाक्यांच्या आठवणी काढत राहिले.

"बघू," मिस्त्री म्हणाले. आवाज शक्य तितका निर्विकार ठेवला होता.

वेबसाइटवर साडूचा फोटो होता. हाताची घडी, ओठांवर मंद हसू, अंगात कोट.

"मशीन दुरुस्त करणारा माणूस कोट घालतो का कधी? आणि हा आणला कुठनं यानं?"

"तुमचाच आहे. गेल्या महिन्यात ताई घेऊन गेली नव्हती का, फोटोसाठी म्हणून?"

मिस्त्रींनी कोट निरखून पाहिला. साडूच्या खांद्यांवर तो बेतून शिवल्यासारखा बसला होता. मिस्त्रींना तो कधीच बसला नव्हता. फोटोखाली लिहिलं होतं, 'तीस वर्षांचा अनुभव'.

"उस्तादांकडे मी याच्या दोन महिने आधी लागलो," मिस्त्री म्हणाले. "म्हणजे माझा तीस वर्षं दोन महिने झाला. पण मी सांगत फिरतो का?"

"आत्ता सांगितलंत की," बायको म्हणाली आणि मोबाइल घेऊन आत गेली.

त्या दिवसापासून मिस्त्रींना एक नवीन काम लागलं. सकाळी दुकान उघडलं की साडूची वेबसाइट बघायची, जेवणाआधी बघायची, जेवणानंतर बघायची. कोट तिथंच आहे, हसू तिथंच आहे, याची खात्री झाली की त्यांचा जीव पुन्हा नव्यानं जळायचा.

रविवारी त्यांनी लेकीला समोर बसवलं. लेक एका कंपनीत दिवसभर संगणकावर काम करायची, त्यामुळे घरातला टीव्ही बंद पडला तरी तिलाच विचारायची पद्धत होती.

"मला वेबसाइट काढून दे. काकाच्या वेबसाइटला किती पानं आहेत?"

"चार."

"मग आपली सहा पानांची."

"सहा पानांवर लिहायचं काय, बाबा?"

"काकानं काय लिहिलंय?"

"दुकानाची वेळ, पत्ता, फोन आणि कोणकोणती मशीन दुरुस्त करतात ते."

"तेच लिही. जरा मोठ्या अक्षरात."

लेकीनं लिहून घ्यायला आणलेली वही बाजूला ठेवली. "बाबा, वेबसाइट म्हणजे दुकानाची पाटी. एकदा लावली की झालं. ज्याला तुमचं नाव आधीच माहीत आहे, तो ती शोधत येईल. पण ज्याला तुम्ही माहीतच नाही त्याचं काय? त्याच्यासाठी ब्लॉग बरा. ब्लॉग म्हणजे दुकानात बसून मारलेल्या गप्पा. कुणाच्या मशीनचा दोरा तुटत असेल, तो दोरा का तुटतो म्हणून शोधेल आणि तुम्ही लिहिलेलं वाचेल. मग ओळख होईल. फक्त तो सारखा लिहायला लागतो."

"ब्लॉग बिनकामाची माणसं लिहितात."

"बोलता तर तुम्ही दिवसभर," बायको आतून म्हणाली. "तेच लिहायचं. तेवढीच आमच्या कानांना विश्रांती."

मिस्त्रींनी साडूची वेबसाइट पुन्हा एकदा उघडून पाहिली. मग त्यांनी एकच प्रश्न विचारला. "काकाकडे ब्लॉग आहे?"

"नाही."

"मग काढ."

पहिला लेख होता 'मशीनचे शटल कसे साफ करावे'. तो चार जणांनी वाचला. एकदा मिस्त्रींनी, एकदा बायकोनं, एकदा लेकीनं, आणि लेकीच्या मोबाइलवर तो नीट दिसतो का हे बघायला पुन्हा एकदा मिस्त्रींनी. दुसरा लेख तेलावर होता. तो तीन जणांनीच वाचला, कारण बायको त्या दिवशी बहिणीकडे गेली होती.

बहिणीकडून ती आली ती बातमी घेऊनच. "भाऊजींच्या वेबसाइटवर एका गिऱ्हाइकानं लिहिलंय, कारागीर असावा तर असा. ताई सगळ्यांना वाचून दाखवत होती."

दुपारचं जेवण झाल्यावर मिस्त्री मोबाइल घेऊन दुकानात बसले, आणि ज्या माणसाला शटलवर बारा ओळी लिहिताना घाम फुटला होता, त्यानं एका बैठकीत दोन पानं लिहून काढली. 'एक सद्गृहस्थ' असं नाव दिलं. साडूचं नाव कुठंही येऊ दिलं नाही. आपण नातं पाळणारे आहोत, असं त्यांचं स्वतःबद्दल मत होतं.

'आमच्या धंद्यात एक सद्गृहस्थ आहेत,' त्यांनी लिहिलं. 'यांच्यासमोर मशीन ठेवली की हे आधी पाना घेत नाहीत. कान लावतात. अर्धा तास मशीन हळूहळू फिरवत तिचं ऐकत बसतात. मशीन आहे की सासुरवाशीण? मी तोवर दोन मशीन दुरुस्त करून मोकळा होतो. बरं, दुरुस्त झाली तरी लगेच देतील तर शपथ. आधी तिच्यावर स्वतःसाठी एक पिशवी शिवून बघतात. ती मनासारखी शिवली गेली नाही तर मशीन पुन्हा उघडतात. यांच्या घरी पिशव्यांचा डोंगर झाला आहे. अशानं कधी धंदा होतो का?'

लिहून झाल्यावर मिस्त्रींना इतकं हलकं वाटलं की त्यांनी बायकोला आपणहून चहा करून दिला.

दुसऱ्या दिवशी लेकीचा ऑफिसातून फोन आला. "बाबा, तुमचा लेख लोक एकमेकांना पाठवतायत, साडेतीनशे जणांनी वाचलाय."

मिस्त्रींच्या अंगावर मूठभर मांस चढलं. खाली वाचकांनी काय लिहिलंय ते वाचायचं भान त्यांना राहिलं नाही. त्यांनी लगेच दुसरा लेख घेतला. हे सद्गृहस्थ आलेलं गिऱ्हाईक परत कसं पाठवतात, 'मशीन चांगली आहे, तुमचा दोराच कुजका आहे, तो बदला आणि घरी जा' असं तोंडावर कसं सांगतात, हातात आलेलं काम कसं घालवतात, याचं त्यांनी मनापासून वर्णन केलं. तिसऱ्या लेखात लिहिलं की मशीन देऊन आठवडा झाला की हे गृहस्थ गिऱ्हाइकाला फोन करून 'आता कशी आहे?' असं विचारतात. जणू पोरगी सासरी दिली आहे. असल्या भानगडीत आपण पडत नाही, हेही त्यांनी शेवटी नमूद केलं.

तिसऱ्या लेखानंतर चार दिवसांनी बाई दुकानात आल्या. बाई म्हणजे शिवणक्लास चालवणाऱ्या. त्यांच्या क्लासातल्या बारा मशीनचं काम गेली अकरा वर्षं मिस्त्रींकडे होतं; क्लासला सुट्टी लागली की त्या बाराही देखभालीला येऊन भिंतीला रांगेत लागायच्या. धंदा कितीही थंडावला तरी त्या बारांपैकी एखादी आजारी असायचीच आणि घर चालायचं.

"तुमचा ब्लॉग वाचते हो मी," बाई म्हणाल्या. "माझ्या मुलींनाही वाचायला लावते."

"तुमचा आशीर्वाद."

"त्या सद्गृहस्थांचं वाचून मला फार भरून आलं. असा माणूस आजकाल कुठं राहिलाय? मशीनला कान लावून बसणारा. गिऱ्हाइकाला खरं सांगणारा. तुमच्या मनाचा मोठेपणा असा, की स्वतः त्याच धंद्यात असून दुसऱ्याचं इतकं कौतुक केलंत."

मिस्त्रींनी समोरच्या मशीनला तेल घातलं. नुकतंच घातलं होतं, तरी पुन्हा घातलं.

"त्यांचा पत्ता विचारायला आले होते," बाई म्हणाल्या.

"ते आता फारसं काम करत नाहीत."

"तुम्हीच लिहिलंय, सकाळी आठला दुकान उघडतात."

"फार लांब राहतात. तुम्हाला झेपणार नाही."

"तसं लांब नाही. टेम्पोवाल्याला विचारलं, तो म्हणाला पंचवीस मिनिटं."

"मग पत्ता माहीत आहे की तुम्हाला."

"एका बाईंनी खाली लिहिलाय ना. म्हटलं तरी तुम्हाला विचारून खात्री करून घ्यावी. अकरा वर्षांचे आपले संबंध."

मिस्त्रींनी त्या अकरा वर्षांना स्मरून मान डोलावली. बाई गेल्या. मग त्यांनी पहिल्यांदाच लेखांच्या खाली वाचकांनी काय लिहिलंय ते वाचलं. कुणी लिहिलं होतं, डोळे पाणावले. कुणी लिहिलं होतं, हा माणूस कुठं भेटेल? आणि त्याच्याखाली साडूचा संपूर्ण पत्ता, फोन नंबर आणि कोणत्या बसनं जायचं तेही लिहिलेलं होतं. लिहिणारी त्यांची बायको होती.

"लोक विचारत होते, मी सांगितलं," बायको म्हणाली. "ताईला पण वाचून दाखवला मी. ती रडली. म्हणाली, तुझा नवरा वरवर तिरसट वाटतो, पण आमच्यावर किती जीव आहे त्याचा."

"अगं, पण मी त्याला नावं ठेवली होती."

"कुठं?"

मिस्त्रींनी तिन्ही लेख पहिल्यापासून वाचले. पिशव्यांचा डोंगर वाचला, कुजका दोरा वाचला, फोन वाचला. नावं ठेवली होती ती जागा त्यांना स्वतःलाही सापडेना.

पुढच्या आठवड्यात बारा मशीनचा टेम्पो साडूच्या दारात उभा राहिला. ही बातमी बायकोनंच आनंदानं दिली. त्याच्या तिसऱ्या दिवशी साडू स्वतः आला. कोट न घालता. येऊन मिस्त्रींच्या समोरच्या स्टुलावर बसला. मिस्त्रींनी स्क्रू ड्रायव्हर हातात धरून ठेवला होता. भांडण झालंच तर हात रिकामा नको, एवढाच विचार त्यामागे होता.

"वाचलं मी सगळं," साडू म्हणाला.

"मग?"

"तीस वर्षांत माझ्याकडे इतकं बारकाईनं कुणी पाहिलं नाही, लेका. ही सुद्धा नाही. मी पिशव्या शिवतो याचा हिला नुसता वैताग. तुझ्या ते लक्षात राहिलं."

मिस्त्रींनी स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला.

"वेबसाइट काढून काही उपयोग झाला नाही बघ," साडू पुढं म्हणाला. "ज्यानं बनवून दिली त्याला विचारलं, कोण येतं रे बघायला? तो म्हणाला, दोन महिन्यांत दोनशे वेळा उघडली गेलीय. मी खूश. मग म्हणतो, त्यातल्या एकशेऐंशी वेळा एकाच मोबाइलवरून. रोज तीनदा कुणीतरी येतो, फोटो बघतो आणि जातो."

"असेल कुणी बिचारा," मिस्त्री मशीनचा पट्टा निरखत म्हणाले.

"असेल. काम मात्र देत नाही." साडूनं सुस्कारा टाकला. "खरं सांगू? ती वेबसाइट मी तुझ्यामुळंच काढली. तुझ्याकडे त्या क्लासच्या बारा मशीन. अकरा वर्षं ऐकतोय. इकडे यायचो तेव्हा या भिंतीला रांगेत लावलेल्या दिसायच्या. घरी गेलो की जेवण जायचं नाही. ही म्हणायची, पित्त झालंय. मला ठाऊक होतं काय झालंय ते."

मिस्त्रींनी मान वर केली. "माझ्यामुळं तुला जेवण जायचं नाही?"

"अजिबात."

"अकरा वर्षं?"

"माझ्या अपेंडिक्सच्या वेळचे पंधरा दिवस सोडले तर. तेव्हा खरंच पोट दुखत होतं."

मिस्त्रींना गेल्या कित्येक वर्षांत इतकं बरं वाटलं नव्हतं. बारा मशीन गेल्या होत्या, भिंत रिकामी दिसत होती, पण त्यांचं तिकडे लक्षच गेलं नाही. त्यांनी आत हाक मारून चहा टाकायला सांगितला आणि साडूला स्टुलावरून उठवून खुर्चीवर बसवलं.

"आता माझी पंचाईत अशी," साडू चहा पिता पिता म्हणाला, "की काम आवरत नाही. लोक मशीन घेऊन येतात आणि समोर बसून राहतात. कान लावा म्हणतात. मला बघायचंय म्हणतात. बारातल्या सहा तुझ्याकडे पाठवू का? बाईंना मी सांगतो, याचाही हात चांगला आहे म्हणून."

आपल्याच मशीन साडूच्या शिफारशीवर परत घ्यायच्या, हे गिळायला मिस्त्रींना चहाचे दोन घोट लागले. पण त्यांनी गिळलं. सहा मशीन दुसऱ्या दिवशी आल्या. भिंत अर्धी भरली.

त्या सहा दुरुस्त झाल्यावर मिस्त्रींनी नवा लेख लिहिला. या वेळी घाई केली नाही, चार दिवस घेतले. 'दुसरे एक सद्गृहस्थ' असं नाव दिलं. हे गृहस्थ कामाला वेगवान, बोलायला गोड, स्वभावानं उदार, आणि मत्सर म्हणजे काय ते त्यांना ठाऊकच नाही, असं त्यात होतं. अनुभव तीस वर्षं दोन महिने. लेकीनं वाचलं, शुद्धलेखन तपासलं आणि छापलं.

पाच दिवसांत तो सहा जणांनी वाचला. सहाव्यानं खाली एक ओळ लिहिली. तो साडू होता.

'लेख चांगला जमलाय. पण हे गृहस्थ कोण ते काही लक्षात येत नाही.'

मिस्त्रींनी ती ओळ दोनदा वाचली आणि लेकीला हाक मारली.

"हे खाली लिहिलेलं काढून टाकता येतं का गं?"

"येतं की. काढू?"

मिस्त्रींनी लेखाखाली आणखी कुणाचं काही आहे का, ते अंगठ्यानं सरकवून पाहिलं. पांढरं पान शेवटपर्यंत रिकामं होतं.

"राहू दे," ते म्हणाले. "तेवढं एकच आहे."