पाडस पलीकडे पोहोचलं का?

एका जंगलात, बाळांनो, वाचणारे थोडे आणि वाहवा करणारे उदंड होते. तिथे हरबाजी नावाचं एक उदमांजर राहत असे. ते गोष्टी लिहीत असे.

त्या जंगलाची रीत अशी होती. गोष्ट झाडाच्या सालीवर नखाने कोरायची आणि वडाच्या पारंबीला टांगायची. ज्याला आवडेल त्याने खाली पळसाचं एक पान ठेवायचं. रीत चांगली होती. पण पान ठेवायला वाचावं लागत नाही, हे जंगलाच्या लवकरच लक्षात आलं. मग येणारा-जाणारा पान टाकून पुढे जाऊ लागला. उद्या आपली साल टांगली की हरबाजीनेही असंच मुकाट्याने पान टाकावं, एवढीच प्रत्येकाची माफक अपेक्षा होती.

हरबाजी एका हरिणीची गोष्ट लिहीत होता. वणवा लागतो, हरिणी पाडसाला घेऊन पळत सुटते, अशी ती गोष्ट होती. दोन साली झाल्या आणि खाली पानांचा ढीग लागला. हरबाजी हरखून गेला. त्याने सशाला गाठलं आणि काय आवडलं म्हणून विचारलं.

"सगळंच आवडलं," ससा म्हणाला. "शेवट तर फारच आवडला."

शेवट अजून लिहायचा होता. हरबाजी तसाच पुढे निघाला. त्याने साळिंदराला विचारलं, मोराला विचारलं. दोघांनीही शेवटाचंच कौतुक केलं. आपलं कुणीच वाचत नाही, मग लिहायचं कुणासाठी, असं त्याला वाटलं. त्याने दोन्ही साली उतरवल्या आणि नदीत सोडून द्यायला निघाला.

काठावर सगुणाआक्का कासवीण ऊन खात बसली होती. तिने आजवर एकही पान ठेवलं नव्हतं, त्यामुळे जंगलात तिला रसिक समजत नसत.

"हरबाजी, बरं झालं भेटलास," ती म्हणाली. "ते पाडस कुठं आहे?"

"कोणतं पाडस?"

"तुझ्या हरिणीचं. दुसऱ्या सालीत ती नदी ओलांडून गेली आणि नव्या कुरणात रमली, असं तू लिहिलंस. पाडस अलीकडेच राहिलं की रे. मागे वणवा पेटलाय. मी परत परत वाचलं, मला ते कुठे सापडलंच नाही. आई अशी रमेल का?"

हरबाजीला आधी राग आला. मग लाज वाटली. आणि मग, बाळांनो, त्याला इतका आनंद झाला की डोळ्यांत पाणी आलं. त्याच्या पाडसासाठी कुणाचा तरी जीव टांगणीला लागला होता. तो साली घेऊन तसाच घरी पळाला आणि कोरत बसला. हरिणी कुरणातून मागे वळली. धुरात उभ्या पाडसाने आईची हाक ऐकली आणि पाण्यात पहिला पाय टाकला. असं त्याने आजवर कधीच लिहिलं नव्हतं.

नवी साल वडाला लागली. त्याबरोबर वनसाहित्य मंडळाचे अध्यक्ष फणींद्रराव कोल्हे हरबाजीच्या घरी आले. त्यांनी साल वाचली नव्हती, पण बातमी ऐकली होती. एका कासविणीने पान न ठेवता चूक काढावी, याने त्यांना फार यातना झाल्या होत्या. अशाने लेखक खचतात, असं त्यांचं मत होतं. मंडळाने हरबाजीचा सत्कार ठरवला होता. फक्त त्याने एका ठरावाला मान डोलवायची होती. कौतुकाव्यतिरिक्त काही बोलणाऱ्याने वडाखाली येऊ नये, असा तो ठराव होता.

हरबाजीला पाडस आठवलं. मग समोर ठेवलेला मोरपिसांचा फेटा दिसला. त्याने मान डोलवली.

सत्काराला अख्खं जंगल लोटलं. फणींद्ररावांनी आपण निःशब्द झालो आहोत असं सांगितलं आणि ऊन कलेपर्यंत ते तेच सांगत राहिले. ठराव टाळ्यांच्या गजरात संमत झाला. सगुणाआक्का भांडली नाही. जाताना तिने एवढंच विचारलं, "पाडस पलीकडे पोहोचलं का रे?"

"पुढच्या सालीत," हरबाजी फेटा सावरत म्हणाला.

पुढची साल आलीच नाही. तो लिहायला बसला की पुढचं वाक्य वाचायला कुणी नाही, हे त्याला आठवे आणि नख थांबे. शिवाय सत्कारांना हजर राहावं लागे. ते पाडस अजून एक पाय पाण्यात टाकून उभं आहे. मागे वणवा आहे. खाली रोज ताजी पानं पडतात आणि शेवट अप्रतिम झाला, असं सगळे म्हणतात. नदीकाठी मात्र एक म्हातारी कासवीण अजून त्या पाडसाची वाट बघते.

तात्पर्य: लेखकाला उत्तेजन द्यायचं असेल, तर बाळांनो, त्याचं लिखाण मुळीच वाचू नये. वाचलं की प्रश्न पडतात. प्रश्न विचारले की तो बिचारा लिहायला लागतो. आणि लिहायला लागलेला लेखक सत्काराला वेळेवर येत नाही.