बोटीच्या पोटातले केस

सगळ्या भानगडीची सुरुवात माझ्या एका वाक्यापासून झाली, आणि ते इतकं साधं होतं की आजही मला त्यात काही चूक दिसत नाही. मी फुसाएला, म्हणजे माझ्या बायकोला, म्हणालो होतो, "ओकिनोकाकूंची बोट नुसती बघून येतो."

नुसती बघून येतो. घेतो म्हणालो नव्हतो. पण आमच्या बेटावर माणसं दोनशे दहा आणि कान चारशे वीस. (देशी आडनावाच्या मास्तरांना एका कानानं ऐकू येत नाही, पण ती उणीव त्यांची बायको भरून काढते.) मी काकूंच्या फाटकापाशी पोचेपर्यंत 'टाऊन ऑफिसातून रिटायर झालेले कुराहाशीसाहेब बोट घेतायत' ही बातमी तिथं माझ्याआधी हजर होती. काकूंचे यजमान जाऊन सात वर्षं झाली, तेव्हापासून त्यांची मोटारबोट अंगणात ताडपत्रीखाली पडून होती. काकूंनी माझे दोन्ही हात धरले, डोळ्यांना पदर लावावा तसा एप्रन लावला आणि म्हणाल्या, "न्या हो. तुमच्याकडून काय घ्यायचं?" फुकटाइतकं महाग काही नसतं, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. मला नेमकं त्या वेळी आठवलं नाही. तासाभरात देशी मास्तरांच्या छोट्या ट्रकमागे बांधून ती बोट माझ्या अंगणात आली आणि फुसाएच्या मुळ्यांच्या वाफ्यावर जाऊन बसली.

फुसाए बाहेर आली. बोटीकडे तिनं बघितलंच नाही, मुळ्यांकडे बघितलं. मग शांतपणे म्हणाली, "गेन्साकु मिस्त्रींना दाखवा. दुरुस्त करण्यालायक आहे म्हणाले तर करा. नाही तर एक तारखेला ही परत काकूंच्या अंगणात."

इथं एक गोष्ट सांगून ठेवतो, कारण पुढचं वाचून तुमचा विश्वास बसणार नाही. फुसाए समोरच्या किनाऱ्यावरच्या ओनोमिचीची. लग्नाच्या वेळी मी तिला शब्द दिला होता, 'माहेरची आठवण आली की माझ्या स्वतःच्या बोटीतून पोचवीन.' चौतीस वर्षं ती फेरीबोटीनं जाते. ते तिनं एकदाही बोलून दाखवलं नाही, आणि त्याचाच मला जास्त त्रास व्हायचा. आता मी रिकामा होतो, बोट दारात होती. मला तो शब्द मनापासून पाळायचा होता.

मिस्त्री येईपर्यंत मी हातावर हात ठेवून बसणाऱ्यांतला नव्हे. मी भिंग घेऊन बोटीखाली शिरलो. तीन आठवडे रोज सकाळी शिरलो. प्रत्येक भेगेला नंबर दिला, खडूनं गोल केला, वहीत नकाशा काढला. एकेचाळीस निघाल्या. फुसाए चहा आणून ठेवायची, तो गार व्हायचा, ती उचलून न्यायची. मध्येच एकदा ती काहीतरी बोलली असावी, पण तेव्हा मी भेग नंबर तेवीसमध्ये होतो.

बोटी बांधणारे गेन्साकु मिस्त्री ब्याऐंशी वर्षांचे. त्यांनी माझी वही हातातसुद्धा घेतली नाही. लाकडी हातोडीनं वीत-वीत अंतरावर टकटक करत, कान लावत सगळ्या बोटीला फेरी मारली, दातांतून हवा आत ओढली आणि म्हणाले, "अवघड हाय, साहेब."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. का ते सांगतो. 'अवघड आहे' हा शब्द मी अडतीस वर्षं टाऊन ऑफिसच्या खिडकीतून लोकांना दिलेला आहे. त्याचा अर्थ 'नाही' असा असतो, तो ऐकून लोक कमरेत वाकून आभार मानतात आणि घरी जातात. काय अवघड आहे, असं अडतीस वर्षांत मला कुणी विचारलं नाही. तो शब्द माझ्याच अंगणात, माझ्याच तोंडावर? मी विचारलं, "काय अवघड आहे?"

मिस्त्री गडबडले. त्यांनाही कुणी विचारलं नसावं. थोडा वेळ डोकं खाजवून ते म्हणाले की बूड चांगलं आहे, इंजिनही रडतखडत चालेल, अवघड आहे ते वेगळंच. मग ते बोटीत चढले, सुकाणूखालची एक फळी पटाशीनं उचकटली आणि आतून कागदाची एक पुडी काढली. पुडीत कागदाच्या दोन बाहुल्या, दोन फासे आणि लाल दोऱ्यानं बांधलेली काळ्याभोर केसांची एक बट.

बोटीची राखण करणारी देवी अशा पुडीच्या रूपात बोटीतच असते, हे मला ऐकून ठाऊक होतं. पण ती कुठं बसवली आहे हे बांधणारे मिस्त्री कुणाला सांगत नाहीत आणि दाखवत तर नाहीतच. मी आ वासून बघत राहिलो.

"हे ओकिनोताईचे केस," मिस्त्री म्हणाले. "मीच बसवलेत, चाळीस वर्षं झाली. हे आत हायत तोवर बोट तिची, तुम्ही किती का रंग फासा. आता वहिनींचे आणा. पण त्यांनी आपल्या हातानं दिलेले पायजेत, बरं का. ते आले की मग सांगतो, लायक हाय का नाय."

आणि ती पुडी काकूंना आदरानं परत करा, असं बजावून त्यांनी माझ्या हातात दिली. मी ती आदरानं पँटच्या खिशात ठेवली. (यापुढचं सगळं त्या पँटमुळे झालं.)

दुसऱ्या दिवशी सकाळी फुसाए धुण्याच्या मशीनपाशी उभी होती. एका हातात माझी पँट, दुसऱ्या हातात पुडी.

"हे कुणाचे केस?"

आता खरं बोलणाऱ्या माणसाला भीती कसली? मी वर्तमानपत्रातून डोकंही न काढता म्हणालो, "ओकिनोकाकूंचे."

"काकूंचे केस पांढरे आहेत. हे काळे आहेत."

"ते चाळीस वर्षांपूर्वीचे आहेत."

"म्हणजे चाळीस वर्षं चाललंय?"

मी वर्तमानपत्र खाली ठेवलं. तिला म्हणालो, हे तसलं काही नाही, मला हे कालच मिळाले, बोटीच्या पोटात होते, मिस्त्रींनी काढून दिले. बोलता बोलता माझ्याच कानांना ते खोटं वाटायला लागलं. फुसाए म्हणाली, "काकूंचे केस बोटीत कशाला जातील? आणि गेले तर तुमच्या खिशात कशाला येतील?" मी देवीबद्दल सांगितलं, तर म्हणाली की चौतीस वर्षं या बेटावर राहते आहे, असली देवी आजवर ऐकली नाही. मी म्हटलं, ते गुपित असतं. ती म्हणाली, "ते दिसतंच आहे."

तिनं एप्रन सोडला, पुडी उचलली आणि थेट ओकिनोकाकूंच्या घरी गेली. अकराला गेली ती दोनला आली. तोवर मी गार भात आणि लोणचं खाल्लं. परत आली तेव्हा तिचे डोळे लाल होते. काकूंनी पुडी बघितली आणि त्या ढसाढसा रडल्या म्हणे. नवऱ्यानं लग्नानंतर पहिल्या वर्षी ती बट मागितली होती, आणि मागताना म्हणाला होता की बेटावर इतके काळे केस दुसऱ्या कुणाचे नाहीत. मग दोघींनी चहा घेतला, मग बिस्किटं, मग दोघी पुन्हा रडल्या. माझ्यावर घेतलेल्या आळाबद्दल माफी? ती कुणी मागितली नाही. मी वाट बघत बसलो होतो, हे कुणाच्या लक्षातही आलं नाही.

तरी मी मोठ्या मनानं तो विषय बाजूला ठेवला आणि कामाचं बोललो. "एकतीस तारीख जवळ आली. तुझे थोडे केस दे."

फुसाएनं माझ्याकडे बराच वेळ बघितलं. "का?"

"बोटीत घालायला. आता सांगितलं ना."

"माझेच का?"

"मिस्त्री म्हणाले बायकोचे पाहिजेत."

काय चुकलं यात? अर्जात जे मागितलंय तेच मी सांगितलं. पण तिचा चेहरा पडला. "अवघड आहे," असं म्हणून ती आत निघून गेली.

त्या रात्री मला काही सुचलं नाही, पण सकाळी सुचलं. आपल्या हातानं दिले काय आणि आपल्या ब्रशमध्ये सोडले काय, शेवटी केस तिचेच. (टाऊन ऑफिसात अशा पळवाटेला 'सवलत' म्हणतात.) ती भाजीला गेल्यावर मी न्हाणीघरातल्या आरशामागचं कपाट उघडलं. ब्रशमध्ये लांब, काळे, चमकदार केस अडकलेले होते. मी ते एक-एक सोडवले, कागदात बांधले, आणि खरं सांगतो, मला अभिमान वाटला. अठ्ठावन्नाव्या वर्षी बायकोचे असे केस. काकूंच्या नवऱ्यानं आज बघायला हवे होते.

गेन्साकु मिस्त्रींनी बट बोटांत धरून चोळली. मग वास घेतला. मग माझ्याकडे बघितलं.

"वहिनींनी दिले?"

"घरातूनच आणलेत."

त्यांनी काडी ओढली आणि एक केस ज्योतीजवळ धरला. केसाची राख झाली नाही. तो आक्रसला आणि टोकाला काळा मणी झाला. जळक्या प्लॅस्टिकच्या बादलीसारखा वास सुटला.

"नायलॉन हाय, साहेब," मिस्त्री म्हणाले. "असल्याच दोऱ्यानं आम्ही मासे धरतो."

मी भडकलो. बायको माझी आहे का तुमची, असं विचारलं. चौतीस वर्षं मी रोज तिच्यासमोर बसून नाश्ता करतो, तिचे केस मला माहीत नाहीत? तुमचं नाक म्हातारं झालंय, असंही म्हणालो. मिस्त्रींनी फक्त माझ्याकडे असं बघितलं, जसं मी खिडकीत चुकीचा फॉर्म घेऊन आलेल्या माणसाकडे बघायचो.

तरातरा घरी आलो. फुसाए स्वयंपाकघरात मुळा किसत होती, वाफ्यातला वाचलेला. मी दारातूनच म्हणालो, "मिस्त्रींची मजल बघ. तुझे केस नायलॉनचे आहेत म्हणतात."

फुसाएनं किसणी खाली ठेवली. हात पुसले. मग कानांपाशी दोन चिमटे सोडवले आणि डोक्याचा वरचा भाग उचलून टेबलावर ठेवला. खाली आखूड, पांढरे, विरळ केस होते आणि मधे कातडी दिसत होती.

"चार वर्षं झाली," ती म्हणाली. "आधी वाटलं, तुम्ही विचाराल. मग वाटलं, लक्षात येऊनही मला वाईट वाटेल म्हणून बोलत नसाल. तेवढ्यावर मी वर्षभर खूश होते."

"सांगायचं नाही का मग?"

"बोटीखाली येऊन सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, तेवीस."

मी खुर्चीत बसलो. राग आला होता, तो कुठं ठेवावा ते माझं मलाच कळेना. आणि लाज वाटली, भयंकर लाज वाटली. केसाएवढी भेग मला चिखलात उताणं पडून दिसली होती. मी म्हणालो, "फुसाए, माझं चुकलं." चौतीस वर्षांत हे वाक्य मी पहिल्यांदा म्हणालो असेन, कारण ते मला नीट जमलं नाही, मध्ये ठसका लागला.

मग कात्री घेऊन तिनं कानामागची पांढरी सात-आठ केसांची बट कापली, लाल दोरा शोधला, बांधली आणि माझ्या तळहातावर ठेवली. "जपून न्या. माल थोडा आहे." मी ती पुडी दोन्ही हातांत धरून, सावकाश चालत, मिस्त्रींकडे नेली. मिस्त्रींनी वास घेतला नाही. पुडी कपाळाला लावली आणि म्हणाले, "लायक हाय."

पुढं दुरुस्तीला दोन महिने गेले आणि बोट पाण्यात गेली. आता फक्त बोट चालवण्याच्या परवान्याची परीक्षा उरली होती. आम्ही दोघंही बसलो, ती आपली सोबत म्हणून. पेपरातल्या दोन प्रश्नांची भाषा इतकी गचाळ होती की मी ती आधी सुधारून दिली, आणि त्यात वेळ संपला. फुसाए पहिल्या झटक्यात पास झाली. मी पुन्हा अर्ज केला आहे. त्यावर विचार चालू आहे, असं उत्तर आलं आहे.

तेव्हा मी दिलेला शब्द पाळला गेला, पण तो असा की फुसाए स्वतःच बोट हाकत माहेरी जायला लागली, बरोबर ओकिनोकाकू, आणि मी धक्क्यावर दोर धरायला. गेल्या रविवारी सकाळी मी त्यांना असाच हात हलवून निरोप दिला. संध्याकाळी परत आल्या. फुसाएनं दोर फेकला, इंजिन बंद केलं, वर चढली आणि माझ्यासमोर उभी राहिली.

"काही वेगळं दिसतंय?"

आता मी पूर्वीचा राहिलो नव्हतो. घाई केली नाही. भिंगाखाली बघावं तसा तिचा चेहरा वरपासून खालपर्यंत बघितला आणि मला सापडलं.

"चष्मा," मी म्हणालो. "नवा चष्मा. लाल दांड्यांचा. शोभतो तुला. आज ओनोमिचीत घेतलास."

बोटीत ओकिनोकाकू खोकल्या. तो खोकला नव्हता.

"चष्मा परीक्षेच्या आधी घेतलाय," फुसाए म्हणाली. "टोप मात्र आज घरीच ठेवून गेले होते. सकाळपासून."

मी वर बघितलं. खरंच, डोक्यावर नुसते ते पांढरे विरळ केस होते आणि वाऱ्यानं चहूकडे उडत होते. पण तुम्हीच सांगा, समोर एवढा लाल चष्मा असताना माणसानं डोक्याकडे बघायचं तरी कधी?