एन्डिअर आणि नानासोंचा मेंढा

"एन्डिअर म्हणजे एखाद्याच्या मनात घर करणं!" म्हसवडच्या इंग्रजी क्लासात विश्वजित सरांनी फळ्यावर शब्द लिहिला आणि हात झटकले. "ते कसं करायचं, हे पंधरा दिवसांत करूनच दाखवतो!"

पोरांना सगळं ठाऊक होतं. सरांचं सोनमशी जमलं होतं, घरची माणसंही बोलणी करून आली होती. पण तिचे वडील नानासो "बघू की" या पलीकडं जायला तयार नव्हते. त्यांचा सगळा जीव एका मेंढ्यात! पोपटनाक्या, भरदार, नाव राजा.

मेंढा खूश तर नानासो खूश, असं विश्वजितच्या डोक्यात बसलं. रोज संध्याकाळी तो भिजवलेले हरभरे आणि गूळ घेऊन नानासोंच्या दारात हजर! राजाला हातानं भरवायचा, मान खाजवायचा. नानासो लांबून मिशीत हसायचे. विश्वजितला वाटलं, निम्मं लग्न झालंच!

मग मेंढ्यांच्या प्रदर्शनाचा दिवस उजाडला. नानासो कडक इस्त्रीच्या कपड्यांत राजाला मैदानात फिरवत होते. पुढच्याच रांगेतून विश्वजित ओरडला, "मामा, लय भारी!"

राजानं कान टवकारले. असा हिसका मारला की नानासो धुळीत, पंचांचं टेबल आडवं आणि मेंढा हरभऱ्याच्या वासानं विश्वजितच्या खिशात तोंड खुपसून उभा!

"वा! मालकावर काय जीव हाय!" पंच हरखले. "पहिला नंबर!"

"आवं, मालक मी न्हाई!"

पण हलगीच्या कडकडाटात ऐकतंय कोण? मानाचा फेटा विश्वजितच्या डोक्यावर चढलासुद्धा! समोर नानासो तुटका कासरा हातात धरून बसलेले. विश्वजितला वाटलं, गेली सोनम हातची!

चार दिवस तो तिकडं फिरकला नाही. पाचव्या दिवशी भर क्लासात नानासो दारात उभे!

"मास्तर, लगीन करायचं न्हवं? मग तारीख काढा!"

"खरंच, मामा?" विश्वजितला नाचावंसं वाटलं. "म्हणजे मी तुमच्या मनात भरलो?"

"माज्या? छ्या!" नानासो खेकसले. "राजा चार दिस झालं चाऱ्याला तोंड लावंना. तारखेचं मागनं बघू. आदी हरभरं घे अन् चल!"

पोरं खिदळली. विश्वजितनं फळा पुसला आणि तो हरभरे आणायला निघाला.