टिपणीस अव्हेलेबल आहेत

गेल्या शुक्रवारी संध्याकाळी अविनाश टिपणीस यांनी न्यूझीलंडमध्ये, ऑकलंडजवळच्या पापाकुरातल्या आपल्या घराच्या डेकवर आंतरराष्ट्रीय क्रिकेटमधून निवृत्ती जाहीर केली. त्यांचं वय अठ्ठेचाळीस आहे. आयर्लंडकडून ते शेवटचा सामना खेळले, त्याला बारा वर्षं झाली. घोषणेच्या वेळी त्यांची पत्नी मेघना, शेजारी म्हणून मी, आणि बार्बेक्यूवर करपत असलेलं पनीर एवढेच हजर होतो.

बारा वर्षं झाली, तरी आपण संघाबाहेर आहोत हे टिपणिसांना मान्य नव्हतं. "मला वगळलं असं कोणी सांगितलंय का?" ते विचारायचे. कोणी सांगितलं नव्हतं. त्यांच्या काळी आयर्लंडच्या निवडीची पद्धत साधी होती. निवड झाली तर फोन यायचा, झाली नाही तर यायचा नाही. फोन आला नाही याचा अर्थ "या वेळी नाही" एवढाच होतो, असं त्यांचं मत. "मी अव्हेलेबल आहे," हे वाक्य ते दर दोन-चार दिवसांनी बोलत. वाणसामान आणायला कोण जातंय, असं मेघनाने विचारलं तरी.

टिपणीस मूळचे सांगलीचे. फार्मसिस्ट म्हणून डब्लिनला गेले. तिथल्या एका क्लबाला शनिवारसाठी डावखुरा फिरकी गोलंदाज हवा होता, तो हे झाले. पुढे वास्तव्याच्या अटी पूर्ण झाल्या, पासपोर्ट आला, आणि एका ओल्या सकाळी ते आयर्लंडकडून खेळले. एकूण सामने हाताच्या बोटांवर मोजावेत इतके. मग मेघनाला ऑकलंडच्या हॉस्पिटलात नर्सची नोकरी लागली आणि दोघं इथे आले. टिपणीस इथेही फार्मसीत औषधं देतात.

त्यांच्या डाव्या हाताची तर्जनी ही घरातली सर्वांत जपलेली वस्तू आहे. चेंडू तिच्यावरून फिरतो म्हणून ती कापत नाही, भाजत नाही, ओझं उचलत नाही. गणपतीत आमच्या मंडळाचे मोदक करायला बसले, तेव्हा त्यांनी ती एक बाजूला काढून बाकीच्या बोटांनी पाकळ्या काढल्या. ते मोदक एका बाजूला कलले.

"अरे, मंडळाचे मोदक आहेत. कोणाची विकेट काढायचीय?" मेघना म्हणाली.

"टूर जवळ आली की मी रिस्क घेत नाही."

"कसली टूर? आयर्लंड आता झिम्बाब्वेत आहे."

"म्हणजे फॉर्मॅलिटीजना वेळ लागेल. तरी मी अव्हेलेबल आहे."

आयर्लंडची मालिका जगात कुठेही असली, तरी ते रजेचा अर्ज टाकून ठेवत. कारणाच्या रकान्यात "राष्ट्रीय कर्तव्य". त्यांच्या फार्मसीची मॅनेजर ट्रेसी ही रजा मंजूर करायची आणि पहिल्या सामन्याच्या सकाळी न विचारता रद्द करायची. "स्वीट अ‍ॅज, अ‍ॅवी, काही हरकत नाही," ती म्हणायची, "कदाचित पुढच्या वेळी." टिपणीस पांढरा कोट चढवून काउंटरवर उभे राहायचे.

यंदा आयर्लंडचा संघ न्यूझीलंडमध्ये आला. पहिल्याच सामन्यात झेल घेताना त्यांच्या डावखुऱ्या फिरकी गोलंदाजाचं बोट मोडलं. टिपणीस हातात फोन घेऊन माझ्या दारात उभे राहिले.

"बघितलंस?"

"बघितलं. वाईट झालं."

"वाईट तर झालंच. पण नीट विचार कर. आयरिश पासपोर्ट, डावखुरा स्पिनर आणि हॅमिल्टनपासून तासाभराच्या अंतरावर. जगात असा माणूस एकच आहे."

पुढचा सामना शनिवारी हॅमिल्टनला होता. त्या रात्री त्यांच्या परसातून कपडे वाळत घालायच्या खांबावर चेंडू आपटल्याचा आवाज येत राहिला. दुसऱ्या दिवशी कुंपणापाशी मेघना मला म्हणाली, "चेष्टा करायला मजा येते रे. पण फोनची रिंग वाजली की तो कसा बघतो, ते मला आता बघवत नाही."

फोन बुधवारी दुपारी आला. नंबर आयर्लंडचा होता. एक आजोबा रक्तदाबाच्या गोळ्यांसाठी काउंटरवर थांबले होते. टिपणिसांनी त्यांना हाताने थांबवलं आणि मागच्या खोलीत गेले. बोलणारा डेक्लन होता. एके काळी तो टिपणिसांच्या गोलंदाजीवर यष्टिरक्षण करायचा. आता संघाचा व्यवस्थापक आहे. त्याने सांगितलं ते असं: बदली खेळाडू म्हणून कॉनर नावाचा एकतीस वर्षांचा गोलंदाज डब्लिनहून निघाला आहे. शनिवारी तो पहिल्यांदा देशाकडून खेळेल. इतक्या घाईत घरचं कोणी येऊ शकत नाही. पदार्पणाची टोपी त्याला आपल्यापैकीच कोणी जुन्याने द्यावी. अ‍ॅवी, तू देशील?

टिपणिसांनी एक दिवस मागून घेतला. बाहेर येऊन आजोबांना गोळ्या दिल्या आणि कधी घ्यायच्या ते दोनदा समजावलं.

संध्याकाळी ते आमच्याकडे आले. चहाला नाही म्हणाले.

"देऊन टाक की टोपी. मान आहे," मी म्हटलं.

"मान आहेच. पण टोपी देणाऱ्याचं खेळून झालेलं असावं लागतं."

"असा नियम आहे?"

"नियम नाही, आमच्या ड्रेसिंगरूमची पद्धत आहे. मला ज्यांनी दिली त्यांचे गुडघे गेलेले होते. काठी टेकत आले होते. मी अव्हेलेबल राहून त्या पोराला टोपी द्यायची, म्हणजे त्याच्या जागेवर डोळा ठेवून हार घालण्यासारखं आहे."

गुरुवारी त्यांनी डेक्लनला हो कळवलं. शुक्रवारी डेकवर उभं राहून निवृत्ती जाहीर केली. घोषणा दोन वाक्यांची होती. मेघना म्हणाली, "थँक यू फॉर युअर सर्व्हिस. आता ते पनीर उलट." मग आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

शनिवारी मी त्यांना हॅमिल्टनला घेऊन गेलो. इस्त्रीचा ब्लेझर ते मांडीवर धरून बसले होते. नाणेफेकीआधी आयर्लंडचे खेळाडू मैदानात गोल करून उभे राहिले आणि टिपणीस मधे गेले. मी मैदानाच्या कुंपणापाशी होतो, तिथवर काही ऐकू येत नव्हतं. टोपी देऊन झाल्यावर कॉनरने त्यांना मिठी मारली आणि कानाशी काही सांगितलं, एवढं दिसलं. परत आल्यावर त्यांनी खिशातून एक चिठ्ठी काढली. तिच्यावर आयर्लंडचा एक फोन नंबर होता.

"त्याच्या आईचा," ते म्हणाले. "मीच मागून घेतला. सट्टेबाजी नको म्हणून मॅचच्या दिवशी प्लेअर्सचे फोन जमा करतात. तो तिला आज काही सांगू शकत नाही."

"ती टीव्हीवर बघत असेल ना?"

"टीव्ही बॉलच्या मागे जातो," टिपणीस म्हणाले. "माझ्या पहिल्या मॅचला सांगलीत टीव्हीवर काही नव्हतं. आईने शेजारच्या मुलाकडून कॉम्प्युटरवर स्कोअरकार्ड उघडून घेतलं. त्यात माझं नाव होतं. रात्री मी फोन केला तर तिने विकेट विचारल्याच नाहीत. म्हणाली, 'तू उभा कुठे होतास?' मी म्हटलं, 'फाइन लेगला.' ती म्हणाली, 'ते कुठे आलं?' मला काही नीट सांगता आलं नाही. त्यानंतर ती फार दिवस राहिली नाही."

न्यूझीलंडची फलंदाजी सुरू झाली. तिकडे आयर्लंडमध्ये आदल्या रात्रीचे दहा वाजून गेले होते. टिपणिसांनी व्हिडिओ कॉल लावला. पडद्यावर स्वयंपाकघरात बसलेली, चष्मा लावलेली एक बाई आली. त्यांनी ओळख सांगितली आणि फोन उलटा करून सीमारेषेकडे धरला. तिथे कॉनर उभा होता. चेंडू दुसरीकडे होता.

"त्याने स्वेटर घातलाय का?" बाईंनी विचारलं.

"घातलाय," टिपणीस म्हणाले. "पण आज इथे थंडी नाही. ऊन आहे."

मैदानावरचा एक कर्मचारी जवळ आला. कोणाशी बोलणं चाललंय, असं त्याने विचारलं.

"त्या तिथल्या पोराची आई आहे."

कर्मचाऱ्याने वाकून फोनमध्ये पाहिलं, "किया ओरा" असा माओरीत नमस्कार केला आणि पुढे गेला.

षटक संपलं. कॉनर धावत पलीकडच्या सीमारेषेवर गेला. टिपणीस फोन समोर धरून, गवताच्या उतारावर बसलेल्या लोकांमधून वाट काढत, त्या बाजूला चालत गेले. पुढचं षटक संपलं आणि कॉनर परत अलीकडे आला. तेही आले.

न्यूझीलंडचा डाव संपेपर्यंत ते बसले नाहीत.