सांगली, आहात का?

आमच्या साताऱ्याच्या ऑफिसात कांबळेअण्णांच्या परवानगीशिवाय सकाळचा चहा कुणी तोंडाला लावत नसे. अण्णा म्हणजे आमचे कॉम्प्युटर ऑपरेटर. फौजेच्या सिग्नल खात्यातून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. नऊच्या ठोक्याला खुर्चीत ताठ बसायचे आणि काळ्या पडद्यावर इंग्रजी अक्षरांत मराठी टाइप करायचे, 'सातारा हजर. सांगली, आहात का?' टेलिफोनच्या तारेवरून ते सांगलीजवळच्या माधवनगरच्या आमच्या गोदामातल्या कॉम्प्युटरवर जाई. तिकडून 'सांगली हजर. आपण बरे ना?' असं उमटलं, की अण्णा मान वर करून सांगत, "लाइन क्लिअर. च्या घ्या." उत्तराला उशीर झाला तर चहा गार. साहेबांचासुद्धा.

मग सांगलीहून सुताच्या मालाची यादी यायची आणि ऑफिस सुरू व्हायचं.

पलीकडच्या माणसाचं नाव अण्णांनी सहा वर्षांत विचारलं नव्हतं. वायरलेसवर ठाण्याला नाव असतं, माणसाला नसतं, असं त्यांचं म्हणणं. त्या माणसाला ते 'सांगली'च म्हणत. अक्षरं उमटायचा वेग बघून "सांगलीला आज कणकण हाय" असंही सांगत, आणि ते बहुतेक वेळा खरं निघे.

पुढे मालकांच्या जावयाने पुण्यात विंडोज पाहिलं आणि काळ्या पडद्याच्या आमच्या युनिक्सचे दिवस भरले. दोन्ही गावची जुनी मशिनं एकाच दिवशी बंद व्हायची होती. अण्णांना नवीन शिकवायचं काम माझ्या गळ्यात पडलं, कारण मी पुण्यात दोन दिवसांचं शिक्षण घेऊन आलो होतो. त्यातला एक दिवस माउस धरण्यातच गेला होता.

अण्णा गोंधळले आणि त्यांना समजावता समजावता मीही गोंधळलो. पूर्वी हुकूम टाइप केला की मशिन तो पाळायचं. इथं नुसती चित्रं, मग हुकूम द्यायचा कुणाला, हा त्यांचा सवाल. मशिन कामात असताना पडद्यावर वाळूचं घड्याळ दिसलं की ते दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बसत. त्याला इचार करू द्या, म्हणत.

खरा घोळ ओकेचा. एकदा त्यांनी यादी छापायला सांगितली, पडद्यावर ओकेची चौकट आली आणि अण्णा तिच्याकडे बघत दहा मिनिटं बसून राहिले. मी म्हटलं, अण्णा, ओके दाबा की.

"म्या का दाबू? हुकूम म्या दिलाय. ओके ऐकणाऱ्यानं म्हणायचं असतं."

यावर पुण्यात काही शिकवलं नव्हतं. मी गुपचूप बटण दाबलं.

तिसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, ह्यातनं सांगलीला हाक कशी मारायची? ती सोय नव्हती. यादी आता फ्लॉपीवर एसटीने येणार होती. एवढंच असेल तर फोन करा की, मी म्हटलं.

अण्णांनी माउस बाजूला सारला. मग म्हणाले, "फोनवर काय बोलू रं? आमी कवा बोललोच न्हाई. पण बायको गेल्यापासनं म्या हाय का न्हाई, हे रोज बघणारा त्यो एकच माणूस हाय."

मला फार वाईट वाटलं. तीन दिवस मी त्यांना हेकट समजत होतो.

शेवटच्या सकाळी अण्णा नेहमीसारखे बसले. हाक गेली, सांगली हजर झाली. पण अण्णांनी मान वर केली नाही, आणि चहाकडे बघायचं कुणाला सुचलं नाही. त्यांनी एकेक अक्षर शोधत टाइप केलं, 'आपलं नाव काय?'

पडदा कितीतरी वेळ तसाच राहिला. लाइन तुटली असं मला वाटलं. मग हळूहळू अक्षरं आली, 'दत्तू. घरी मी एकटाच असतो. रविवारी जेवायला या.'

अण्णांनी ते दोनदा वाचलं, 'येतो' असं टाइप केलं आणि स्वतःच्या हाताने मशिन बंद केलं. मला व्हरांड्यात नेऊन त्यांनी हलक्या आवाजात विचारलं, "कुणाच्या घरी जेवायला जाताना काय घेऊन जात्यात रं? मला बोलावून लय वर्षं झाली. इसरलो म्या."