पट्टी धुण्यास सक्त मनाई आहे

एखादी वस्तू चिकटवणे आणि ती चिकटून राहणे या दोन घटनांचा परस्परांशी संबंध असतो, असा गैरसमज सामान्य जनतेत खोलवर रुजलेला आहे. सदर प्रयोगशाळेने तो केव्हाच मागे टाकला होता.

तिथल्या संशोधक बाई पाण्यातलं कीटकनाशक ओळखणारी पट्टी बनवत होत्या. त्या विषाच्या रेणूभोवती प्लास्टिकचे सूक्ष्म कण घडवायचे, मग विष काढून घ्यायचं. कणात नेमका त्याच्या मापाचा खळगा उरतो. असे कण पट्टीवर बसवायचे. पाण्यात तेच विष आलं, की ते खळग्यात जाऊन बसतं आणि पट्टीला जोडलेला दिवा लाल होतो. नाही आलं तर हिरवा. (कण इतके बारीक, की ते पट्टीवर आहेत की नाहीत हा श्रद्धेचा विषय. विभागाची भरभराट झाली ती त्यामुळेच.)

अडचण एकच. पट्टी धुतली की कण सुटायचे. नियमाप्रमाणे ती तीनदा धुवायची. पहिल्या धुण्यात साठ टक्के कण जात, दुसऱ्यात पस्तीस, आणि तिसऱ्यात बाईंचा धीर.

शेवटी बाईंनीच उपाय शोधला. आधी पट्टीवर एक थर चढवायचा आणि कण त्याला रासायनिक बंधाने पक्के बांधायचे. एका पट्टीला तीन दिवस लागत. विभागप्रमुखांची पद्धत याहून सुटसुटीत होती: कणांचा थेंब पट्टीवर टाकून वाळवायचा. वीस मिनिटं.

"बाई, तुम्हाला धुण्याची भारीच हौस," ते म्हणाले. "घरी कपडे कमी पडतात का?"

"सर, पट्टी पाण्यातच राहणार आहे. पाण्यात गेली की धुतलीच जाणार ना ती?"

"प्रबंधावर सही माझीच लागते, हे लक्षात आहे ना? सहावं वर्ष चाललंय तुमचं."

लक्षात नसेल कसं? घरी आई रोज विचारायची, "अगं, संपतंय की नाही तुझं ते?"

तपासणीला समिती आली. (सदस्य पाच. रसायनाशी संबंध एकाचाच, तोही सासऱ्यांच्या रंगाच्या दुकानामुळे.) बाईंना राहवलं नाही. त्यांनी सगळ्यांदेखत ग्लासभर पाण्यात विषाचे दहा थेंब टाकले आणि सरांची पट्टी नियमाप्रमाणे तीनदा धुऊन त्यात बुडवली. दिवा हिरवागार!

"बघा, कण केव्हाच गेलेत. नुसती कोरी पट्टी आहे ही!"

समितीने तासभर खल करून ठराव केला: ज्याअर्थी दिवा हिरवा आहे, त्याअर्थी पाणी शुद्ध आहे, सबब बाटलीवर 'विष' असे लिहिणाऱ्या भांडारपालाकडून खुलासा मागवावा. (ते पाणी प्यायला मात्र कुणी पुढे झालं नाही. सर्वांचा नुकताच चहा झाला होता.)

सरांनी सही नाकारली आणि बाईंचं सातवं वर्ष सुरू झालं. शहरभर पाण्याच्या टाक्यांवर चार हजार पट्ट्या बसल्या. त्यातली एक मात्र बाईंनी हट्टाने, तीन दिवस खपून, आपल्या पद्धतीने बांधून पाठवली होती. ती एका गल्लीतल्या टाकीवर लागली आणि पहिल्याच सकाळी तिचा दिवा लाल झाला.

गल्ली खवळली. शेजारच्या गल्लीत हिरवा, आणि आमच्याच नशिबी लाल का म्हणून? सदतीस सह्यांचा अर्ज गेला. कार्यालयाने कधी नव्हे ती तत्परता दाखवून दोन तासांत पट्टी बदलली. बाई धापा टाकत पोचल्या.

"अहो, चार हजारांत तेवढी एकच खरी होती हो!"

"ताई, आत्ताच कुठे हिरवा झालाय," एक गृहस्थ भांडं भरता भरता म्हणाले. "तुम्ही आता काही बिघडवू नका."

तो अर्ज फायलीत जपून ठेवलेला आहे. चौदावी सही तुमची. अक्षर मोठं सुरेख आहे हं तुमचं.